मिस्तिको हे नाव कोणाचं?

२०११ साली ज्यांच्या घरी टेन स्पोर्ट्स लागायचं त्यांना डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीतला पैलवान सिन कारा नक्की आठवत असेल, मेक्सिकोतला मिस्तिको तो हाच. निळा-सोनेरी मास्क, अंगाने लहानसा, धावत यायचा आणि दोऱ्यांवरून डायरेक्ट रिंगमध्ये उडी, आणि त्याची मॅच सुरू झाली की अख्ख्या स्टेडियमचे लाईट बदलायचे. माझा धाकटा भाऊ त्याचा कट्टर फॅन होता. एकदा मॅच बघता बघता तो म्हणाला, दादा, हा तो नाहीये. मास्क तोच, कपडे तेच, म्युझिक तेच, पण उडी मारायची पद्धत वेगळी आहे. आम्ही सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं आणि पोरगं बरोबर निघालं, कारण त्या मास्कच्या आत त्या दिवशी खरंच दुसरा माणूस होता. मूळचा सिन कारा कंपनीच्या औषध-नियमांमुळे जुलैमध्ये ३० दिवस सस्पेंड झाला होता आणि डब्ल्यूडब्ल्यूईने त्याच्या जागी दुसऱ्याला तोच मास्क घालून उभं केलं, बघणाऱ्यांना काही न सांगता.

तेव्हा ती गंमत वाटली. आता मला तो अन्याय वाटतो, आणि का वाटतो ते नीट सांगायचंय, कारण हा प्रश्न एका पैलवानापुरता नाही. जो माणूस आपलं शरीर झिजवून एखादं नाव मोठं करतो त्या नावावर हक्क त्याचा की त्याला नोकरीवर ठेवणाऱ्या कंपनीचा, हा तो प्रश्न आहे. माझं मत सरळ आहे, हक्क त्या माणसाचा.

आधी हा माणूस कोण ते बघू. त्याचं खरं नाव नेटवर सापडतं पण मी इथे लिहिणार नाही. मेक्सिकोत ज्याने अजून मास्क हरलेला नाही त्याचं खरं नाव सहसा घेत नाहीत, आणि आख्खा लेख त्या मास्कच्या बाजूने लिहायचा आणि त्यातच नाव टाकायचं हे मला पटत नाही. जन्म १९८२ चा. वडील डॉक्टर कारोंते, म्हणजे तेही लुचादोर, लुचा लिब्रे या मेक्सिकन कुस्तीतले पैलवान. भाऊ पण याच धंद्यात, आर्गोस आणि आर्खेनिस ही त्यांची रिंगमधली नावं. पंधरा वर्षांचा असताना, १९९८ मध्ये हा पहिल्यांदा रिंगमध्ये उतरला तो डॉक्टर कारोंते ज्युनियर म्हणून, बापाचं नाव घेऊन. तिकडे हे अगदी रीतसर असतं, मुलगा ज्युनियर किंवा 'इहो' म्हणजे अमक्याचा पोरगा, त्या नावाने सुरुवात करतो आणि मग ते नाव पेलतंय का ते लोक बघतात. नंतर कोमाची झाला, अॅस्ट्रो बॉय झाला, आणि जून २००४ मध्ये सीएमएलएल या कंपनीने त्याला नवीन मास्क आणि नवीन नाव दिलं, मिस्तिको.

सीएमएलएल म्हणजे साधी कंपनी नव्हे, १९३३ मध्ये साल्वादोर लुत्तेरोथने सुरू केलेली जगातली सगळ्यात जुनी अजून चालू असलेली कुस्ती कंपनी आहे ती. मेक्सिको सिटीतलं अरेना मेक्सिको हे त्यांचं घर, १९५६ पासून, लोक त्याला लुचा लिब्रेचं कॅथेड्रल म्हणतात. आणि कंपनीने मिस्तिकोला नावासोबत एक गोष्टही दिली. गोष्ट अशी की हा अनाथ आहे, आणि त्याला फ्राय तोर्मेंताने वाढवलंय. फ्राय तोर्मेंता हा खराखुरा कॅथलिक पाद्री, आपला अनाथाश्रम चालवायला पैसे हवेत म्हणून मास्क घालून वर्षानुवर्षं कुस्त्या खेळलेला माणूस, मेक्सिकोत त्याला सगळे ओळखतात. त्याचा आशीर्वाद घेऊन आलेला, कपड्यांवर क्रॉस मिरवणारा, चांदी-सोन्याचा राजपुत्र, अशी ती इमेज. प्रचंड चालली.

पण जरा विचार करा. ज्याचा बाप हयातभर याच रिंगमध्ये राबला, ज्याने सुरुवातच बापाच्या नावाने केली, त्याला अनाथ करून टाकलं. मी नाटकाच्या विरोधात नाही, लुचा लिब्रे नाटकच आहे आणि सुंदर नाटक आहे. तरी एवढं लक्षात राहू दे की नाव देताना कंपनीने त्याच्याकडून काहीतरी घेतलं पण होतं. घरातून आलेलं नाव असतं तर ते कोणी हिसकावू शकलं नसतं, कंपनीचं नाव घेतलं आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

पुढची दोन-तीन वर्षं म्हणजे मिस्तिकोची लाटच होती. शुक्रवारी अरेना मेक्सिकोला शो असतो, आणि साडेसोळा हजारांच्या आसपास माणसं मावणारी ती इमारत हा एकटा भरायला लागला. २९ सप्टेंबर २००६ ला कंपनीच्या ७३ व्या वर्धापनदिनाच्या शोमध्ये त्याने ब्लॅक वॉरियर या पैलवानाचा मास्क पैजेत जिंकला. त्याच वर्षी रेसलिंग ऑब्झर्व्हर या अमेरिकन न्यूजलेटरने त्याला वर्षाचा सर्वोत्तम रेसलर ठरवलं, सगळ्या जगातून. त्याचा तो शेवटचा डाव, ला मिस्तिका, प्रतिस्पर्ध्याच्या अंगाभोवती हवेतल्या हवेत गिरक्या घेत घेत त्याला खाली आणायचं आणि उतरता उतरता हात असा अडकवायचा की समोरच्याला हार मानण्याशिवाय पर्याय नाही. यूट्यूबवर बघा एकदा. हे कंपनीच्या ऑफिसमध्ये बसून कोणी लिहून दिलेलं नसतं, हे लहानपणापासून घरात पडून-आपटून अंगात मुरलेलं असतं.

आता मास्कबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण आपल्याकडे मास्क म्हटलं की ड्रेसचा एक भाग वाटतो, आणि इथेच सगळी गडबड होते.

मेक्सिकोतला पहिला कुस्तीचा मास्क १९३४ च्या सुमारास बनला. आंतोनियो मार्तिनेस नावाचा बूट बनवणारा कारागीर होता, त्याच्याकडे एक परदेशी पैलवान गेला आणि म्हणाला मला तोंड झाकणारं काहीतरी करून दे. मार्तिनेसने चामड्याचा करून दिला, मागून बुटासारख्या नाड्या बांधायच्या. पुढे त्या घराण्याचा मास्कचा धंदाच झाला. मग १९४२ मध्ये एल सांतो आला, चंदेरी मास्कवाला, आणि मास्कला जवळजवळ देवघरातल्या वस्तूचा मान आला. चार दशकं त्या माणसाने चेहरा दाखवला नाही. जानेवारी १९८४ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमात त्याने मास्क थोडासा वर केला, आणि ५ फेब्रुवारीला तो गेला. पुरला तेव्हाही मास्क चेहऱ्यावर होता.

मास्कवर पैज लावतात त्याला लुचा दे आपुएस्तास म्हणतात. मास्क विरुद्ध मास्क, किंवा मास्क विरुद्ध केस. जो हरतो त्याने तिथेच, सगळ्यांसमोर, मास्क काढायचा आणि आपलं खरं नाव, गाव सांगायचं, किती वर्षं या धंद्यात आहे ते सांगायचं. लोक अक्षरशः रडतात त्या वेळी. आणि एकदा हरलात की तो मास्क परत घालता येत नाही, तिथल्या बॉक्सिंग आणि कुस्ती कमिशनचा नियमच आहे तसा. म्हणजे तिथल्या कायदेकानूनांनीही मान्य केलंय की मास्क त्या माणसाच्या शरीराला चिकटलेला आहे. तो हरला की त्याची ओळख गेली, कायमची.

माझा सगळा मुद्दा या नियमावर उभा आहे. हरण्याची वेळ आली की मास्क त्या माणसाचा असतो, सगळा तोटा त्याचा, चेहरा त्याचा, नाव त्याचं. मग नोकरी सोडण्याची वेळ आली की तोच मास्क कंपनीचा कसा होतो? दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. युनिफॉर्म असेल तर हरल्यावर माणसाला उघडं कशाला पाडता, धुऊन दुसऱ्याला द्या. आणि शरीराचा भाग असेल तर माणूस जाताना तो त्याच्यासोबत गेला पाहिजे.

२०११ च्या फेब्रुवारीत डब्ल्यूडब्ल्यूईने मेक्सिको सिटीत पत्रकार परिषद घेऊन त्याला साइन केल्याचं जाहीर केलं. मिस्तिको हे नाव तिकडे नेता आलं नाही कारण ते सीएमएलएलचं. तिकडे नवीन नाव मिळालं, सिन कारा, स्पॅनिशमध्ये याचा अर्थ बिनचेहऱ्याचा. आणि कंपनीने तो अर्थ शब्दशः घेतला. चेहरा नाहीच म्हटल्यावर आत कोण आहे याने काय फरक पडतो. जुलैमध्ये तो सस्पेंड झाल्यावर आत घातलेला माणूस पुढे हुनिको नावाने ओळखला गेला. मूळचा परत आल्यावर मग निळा सिन कारा आणि काळा सिन कारा असं भांडण लावलं, ऑक्टोबरमध्ये मेक्सिको सिटीतच मास्क विरुद्ध मास्क मॅच झाली, निळा म्हणजे मूळचा जिंकला, काळ्याचा मास्क उतरला. इथपर्यंत ठीक, न्याय झाला म्हणू. पण २०१३ च्या शेवटी मूळचा सिन कारा टीव्हीवरून गायब झाला आणि मास्क परत कोणाला मिळाला? ज्याने तो सगळ्यांसमोर हरला होता त्यालाच. आणि त्याने तो २०१९ पर्यंत, सहा वर्षं घातला. मेक्सिकोतल्या माणसाला हे ऐकून काय वाटत असेल याची कल्पना करा. मी हुनिकोला दोष देत नाही, मेहनती पैलवान आहे, त्याला काम मिळालं त्याने केलं. दोष त्या विचाराचा की मास्क म्हणजे गोडाऊनमधला माल.

मूळचा माणूस मेक्सिकोला परत आला तर घरी काय चित्र होतं? सीएमएलएलने २०१२ मध्येच नवीन मिस्तिको उभा केला होता. तोही पैलवान घराण्यातला, बाप लुचादोर, रुश आणि ड्रॅगन ली हे भाऊ. म्हणजे परत येणाऱ्याला स्वतःचंच नाव घेता येईना. २०१४ मध्ये तो त्रिपले आ म्हणजे एएए या दुसऱ्या कंपनीत गेला, तिथे मिस्तेसिस झाला. तिथून बाहेर पडला तर ते नावही मागेच राहिलं. मग सीएमएलएलमध्ये परत, यावेळी कारिस्तिको. नाव बघा कसं बनलंय, मिस्तिकोतलं थोडं आणि सिन कारातलं थोडं, दोन गमावलेल्या नावांचे तुकडे जोडून तिसरं केलंय. मला हे फार वाईट वाटतं. ज्या अरेनात त्याने मिस्तिको हे नाव मोठं केलं त्याच अरेनात तो कारिस्तिको म्हणून खेळत होता आणि मिस्तिको म्हणून दुसराच कोणीतरी. कधी कधी दोघं एकाच शोमध्ये.

२०२१ मध्ये दुसरा मिस्तिको कंपनी सोडून गेला आणि त्याचा ड्रालिस्तिको झाला, म्हणजे त्याच्यावरही तीच पाळी आली. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये, दहा वर्षांनी, मूळच्याला त्याचं नाव परत मिळालं. लोक याला हॅपी एंडिंग म्हणतात. मी म्हणेन की जी गोष्ट त्याचीच होती ती परत मिळवायला माणसाची उमेदीची दहा वर्षं गेली, आणि मिळाली तीसुद्धा दुसऱ्याने जागा रिकामी केली म्हणून, हक्क म्हणून नाही.

आता समोरच्यांची बाजू. आणि ती कमकुवत नाहीये. कंपनी म्हणते नाव आम्ही शोधलं, मास्कचं डिझाइन आमचं, ती गोष्ट आमची, टीव्हीवर जाहिरात आमच्या पैशाने, उद्या तो पैलवान जास्त पैशासाठी दुसरीकडे पळाला तर आमची गुंतवणूक पाण्यात का जावी? कॉमिकमधला सुपरहिरो जसा प्रकाशकाचा असतो तसा हा कॅरेक्टर आमचा. कायद्यानेही त्यांना साथ आहे. मेक्सिकोच्या कॉपीराइट कायद्यात कॅरेक्टरचं नाव आणि त्याचं रूप राखून ठेवायची सोय आहे, पाच वर्षांचं सर्टिफिकेट मिळतं आणि ते रिन्यू करत राहायचं. ज्याने अर्ज केला त्याचं नाव. आणि वीस-बावीस वर्षांच्या पोराला, ज्याला फक्त शुक्रवारच्या शोमध्ये जागा हवी आहे, त्याला अर्जाचं कुठून सुचणार, आणि सुचलं तरी कंपनीसमोर बोलायची हिंमत कुठून येणार.

सुपरहिरोची तुलना मला इथे लागू वाटत नाही. कॉमिकमधला हिरो पडला तर कागद पडतो. लुचादोर पडला तर माणूस पडतो. मिस्तिको हे तीन अक्षरी नाव २००४ मध्ये फक्त एक लेबल होतं, अशी लेबलं कंपन्या दरवर्षी डझनाने काढतात आणि बहुतेक दोन वर्षांत कोणाला आठवत पण नाहीत. एक चाललं कारण आतला माणूस तसा होता. सांतोचंच बघा, ते नाव पण त्याचं स्वतःचं नव्हतं, मॅनेजर खेसूस लोमेलीने तीन नावं समोर ठेवली होती, संत, सैतान, देवदूत, त्यातलं एक त्याने उचललं. म्हणून सांतो हे नाव लोमेलीचं झालं का? आज असं कोणी म्हणेल का मेक्सिकोत?

जपानच्या टायगर मास्कचं उदाहरण लोक हमखास देतात. तो मुळात मांगातला, म्हणजे जपानी कॉमिकमधला हिरो, १९८१ मध्ये सातोरु सायामाने पहिल्यांदा रिंगमध्ये उभा केला, आणि पुढे ते नाव चौथ्या टायगर मास्कपर्यंत आलं. गंमत म्हणजे २००९ मध्ये मिस्तिकोने जपानमध्ये ज्युनियर हेवीवेट टायटल जिंकलं ते याच चौथ्याला हरवून. पण तिथे सगळ्यांना माहितीये की हा चौथा आहे. कोणी पहिल्याचे पराक्रम त्याच्या नावावर खपवत नाही. मला याला हरकत नाही. माझी हरकत फसवण्याला आहे, आणि विचारल्याशिवाय घेण्याला आहे.

ला पार्काचं प्रकरण तर याहून दुखरं. सांगाड्याच्या ड्रेसमध्ये नाचणारा, हातात खुर्ची घेऊन फिरणारा तो पैलवान ९० च्या दशकात एएए मधून अमेरिकेत डब्ल्यूसीडब्ल्यू या कंपनीत गेला, मागे कंपनीने दुसरा ला पार्का केला. पहिल्याला मग एल. ए. पार्क असं नाव घ्यावं लागलं. २०१० मध्ये नावासाठी दोघांची मॅचही लावली, पार्क जिंकला, आणि निकाल नंतर रद्द झाला. पण दुसऱ्यानेही त्या मास्कसाठी वीसेक वर्षं दिली, लोकांनी त्याच्यावर पण जीव लावला, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये मॉन्टेरेला रिंगबाहेर उडी मारताना त्याला जी दुखापत झाली त्यातून तो उठलाच नाही, जानेवारी २०२० मध्ये गेला. त्याला नकली कोण म्हणेल? मी तरी म्हणणार नाही. म्हणूनच माझं म्हणणं आहे की दुसरा करूच नका, त्या दुसऱ्यालाही त्याचा स्वतःचा मास्क द्या. तो माणूस स्वतःच्या नावाने गेला असता तर त्याच्या मरणानंतर तरी "मूळचा की दुसरा" हा वाद निघाला नसता.

घराण्याकडे हक्क दिला की सगळं गोड होतं असंही नाही. सांतोच्या घरात भांडण झालंच. त्याचा मुलगा एल इहो देल सांतो, १९८२ पासून खेळला, स्वतःच्या हिमतीवर मोठा झाला, नावाची नोंदणी त्याच्याकडे, आणि त्याने आपल्याच भाच्या-पुतण्याच्या पिढीतल्या एकाला, म्हणजे सांतोच्या सख्ख्या नातवाला, सांतोचा नातू असं म्हणवून घ्यायला मनाई करून घेतली. तो बिचारा आक्सेल या नावाने खेळतो. कठोर वाटतं ऐकायला. पण निदान हे भांडण त्या नावाशी रक्ताचं नातं असलेल्या माणसांमध्ये आहे. आणि रक्ताचंच हवं असंही मी म्हणत नाही, ब्लू डेमन ज्युनियर हा ब्लू डेमन या मास्कवाल्या पैलवानाचा दत्तक मुलगा, बापाने स्वतः त्याला मास्क दिला, आणि २००८ मध्ये तो एनडब्ल्यूए या अमेरिकन कुस्ती संघटनेचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. देणाऱ्याने दिलं होतं, एवढं पुरे आहे.

मग करायचं काय? नोंदणी करताना पैलवानाचं नाव सहमालक म्हणून असलंच पाहिजे, हे कमिशनने लायसन्स देतानाच बघावं, कारण लायसन्स तर प्रत्येकाला लागतंच. कंपनीने खर्च केलाय तर तिला टी-शर्ट, खेळणी, जुने व्हिडिओ यातला वाटा मिळू दे, त्याला माझा विरोध नाही. पण माणूस निघून गेला तर तो मास्क त्याच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्याच्या डोक्यावर चढता कामा नये, आणि परवानगी असेल तर हा दुसरा आहे हे पोस्टरवर स्पष्ट लिहिलेलं असावं. तिकीट काढून आलेल्या पोराला कळायला हवं की आत कोण आहे.

हे आत्ताच बोलायचं कारण म्हणजे एप्रिल २०२५ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने एएए विकत घेत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे मेक्सिकोतल्या दोन मोठ्या कंपन्यांपैकी एक, तिच्या कपाटातल्या सगळ्या मास्क आणि नावांसकट, त्याच कंपनीकडे गेली जिने सिन काराचं जे केलं ते वर सांगितलंच. मेक्सिको सिटीने २०१८ मध्ये लुचा लिब्रेला सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलंय. मग त्या वारशातली नावं कोणाच्या फाईलमध्ये आहेत हे पण सरकारने बघायला नको का?

१९ सप्टेंबर २०२५ ला मिस्तिको परत अरेना मेक्सिकोत वर्धापनदिनाच्या शोला उभा होता, बेचाळिसाव्या वर्षी. समोर अमेरिकन पैलवान एमजेएफ, त्याच्याकडे सीएमएलएलचं टायटल, आणि मिस्तिकोने पणाला लावला होता मास्क. तो जिंकला, त्याच ला मिस्तिकाने हात अडकवून. हरला असता तर रिंगच्या मधोमध उभं राहून मास्क त्यालाच काढावा लागला असता आणि माईकवर त्याला स्वतःचं नाव सांगावं लागलं असतं, त्यातलं आडनाव डॉक्टर कारोंतेच्या घरचं.